रिकाम्या पाण्यातला वळसा

१

"हा तो नकाशा नव्हे," दादा म्हणाला. चौकशीच्या खोलीत कोणी मानसुद्धा वर केली नाही.

करायची तरी कशाला? नकाशा समोर टेबलावर होता. कोपऱ्यात हवामान कार्यालयाचा शिक्का, खाली वादळाच्या सकाळची तारीख, आणि समुद्रावरून आलेली लाल रेघ. तिच्या आत वारा इतका की लाँच बाहेर काढायची नाही, हा बंदराचा नियम. या नकाशावर लाल रेघेनं बंदराला सरळ पोटात घेतलं होतं. तरी दादानं त्या सकाळी प्रवासी घेऊन लाँच काढली होती. ती उलटली आणि पाच माणसं परत आली नाहीत. त्यांतला एक दादाचा खलाशी. शेजारच्या मावशींचा एकुलता एक, दादानंच पोहायला शिकवलेला.

"मी बंदराच्या फळ्यावर पाहिला त्यात लाल रेघ पार बाहेर होती," दादा म्हणाला. "बंदर मोकळं होतं."

"फळा कुठे आहे?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या निवृत्त न्यायाधीश होत्या आणि चष्म्याच्या वरून बघायची त्यांना सवय होती.

"वादळानं नेला."

"तो नकाशा आणखी कोणी पाहिला होता?"

दादानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "जिवंत कोणी नाही," एवढंच तो म्हणाला.

बंदराचा कारकून म्हणाला की नकाशा छापून मीच लावला, पण रोज एक लावतो, रेघ कुठे होती ते शपथेवर सांगता येणार नाही. बंदराच्या संगणकावर मात्र हाच दिसतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर दादाची धाकटी बहीण बसली होती, तिनं डोलावली नाही. धाकटी धंद्यानं प्रोग्रामर. घरात तिला गोचीड म्हणत, कारण एकदा चिकटली की ती सुटायची नाही. तिला ठाऊक होतं की बंदराच्या संगणकात नकाशा नसतोच, नकाशाचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर हवामान कार्यालय आज जे ठेवेल, ते आज दिसणार.

बाहेर आल्यावर वकिलांनी दादाला बाजूला घेतलं. परवा शेवटची बैठक. तोवर चूक कबूल करून सही दिलीत तर परवाना जाईल, तुरुंग टळेल.

"करतो सही," दादा धाकटीला म्हणाला. त्याचा आवाज तिला ओळखू आला नाही. "रोज रात्री तो फळा आठवतो गं. आता आठवतानाही लाल रेघ आत आलेली दिसते. मीच चुकीचं पाहिलं असेन."

तिला दुसऱ्या कशानंही इतका राग आला नसता. लाँच गेली, परवाना जाईल, ते सगळं एकीकडे. या लोकांनी तिच्या भावाचे डोळे त्याच्याच हातून काढून घेतले होते.

"परवापर्यंत हात खिशात ठेव," ती म्हणाली. "सही केलीस तर आधी माझ्याशी गाठ आहे."

२

तिनं समितीकडे अर्ज केला: नकाशाची छापील प्रत नको, संगणकातली मूळ प्रत हवी. हवामान कार्यालयाचे मोठे साहेब हसून म्हणाले, "द्या बापडीला. चित्रच आहे, भिंतीवर लावेल."

पण चित्राचेही प्रकार असतात. फोटो म्हणजे नुसते रंगाचे ठिपके. हा नकाशा तसा नव्हता. त्यात प्रत्येक रेघ म्हणजे बिंदूंची रांग होती: इथून इथे जा, तिथून तिथे जा. पानावर दिसायची ती गुळगुळीत रेघ, पोटात मात्र सगळे आकडे. धाकटीनं छोटासा प्रोग्राम लिहून ते उपसायला घेतले. नकाशाच्या चौकटीवर अक्षांश-रेखांशाच्या खुणा होत्या. त्यांच्यावरून पानावरचं माप समुद्रावरच्या मापात बदललं आणि एकेका रेघेचे सगळे बिंदू ओळीनं मांडले. पहिल्यांदा आकडे असे निघाले की बंदर डोंगरावर गेलं. वर-खाली उलटं धरलं होतं. स्वतःला एक शिवी हासडून तिनं ते सुलट केलं.

मग ती बघतच राहिली.

"दादा, इकडे ये. जाळं असतं ना, त्यात गाठी असतात आणि गाठींमध्ये दोरा?"

"मला जाळं शिकवतेस?" बऱ्याच दिवसांनी दादाच्या तोंडून जरा तिरकं वाक्य आलं होतं.

"ऐक तर. संगणकाकडे समुद्रभर असंच जाळं पसरलेलं असतं. वाऱ्याचा आकडा असतो तो फक्त गाठीवर. एका गाठीवर वारा कमी, शेजारच्या गाठीवर जास्त, म्हणजे लाल रेघ मधल्या दोऱ्यावरून कुठूनतरी जाणार. तो हिशेब करून दोऱ्यावर बिंदू ठेवतो आणि पुढच्या दोऱ्यावर जातो. भोकात तो बिंदू ठेवूच शकत नाही."

"बरं."

"या नकाशात पिवळी रेघ आहे, निळी आहे, हिरवी आहे. सगळ्यांचे झाडून सगळे बिंदू दोऱ्यावर आहेत. लाल रेघेचेही आहेत, समुद्रात दूरवर. आणि बंदराजवळ आली की..." तिनं पडद्यावर टिचकी मारली. "सगळे भोकात. बंदर ओलांडून पलीकडे गेली की पुन्हा दोऱ्यावर."

दादानं पडद्याकडे नाक नेलं. मासेमारांच्या घरातला माणूस, त्याला दोनदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे हा तुकडा संगणकानं काढलेला नाही," तो हळूच म्हणाला.

"हातानं काढलाय. कुणाच्यातरी हातानं."

३

हवामान कार्यालयातल्या संगणकांच्या खोलीत एक माणूस बसे. सगळे त्याला तिजोरी म्हणत, कारण आत गेलेला आकडा बाहेर येत नसे.

"त्या दिवसाचे वाऱ्याचे आकडे?" तिजोरीनं खुर्ची गर्रकन फिरवली. "पुसले. जागा पुरत नाही म्हणून आठवड्यानं पुसतोच. संशय घेऊ नका, नियम आहे, दारावर चिकटवलाय."

नियम खरंच दारावर होता, आणि बऱ्याच जुन्या कागदावर. धाकटीनं त्याला बिंदूंचं सांगितलं. वाटलं होतं की हा चिडेल, पण त्याचे डोळे लकाकले.

"दोऱ्यावर! अहो, हे मला सुचायला हवं होतं."

"रेघ मागाहून गुळगुळीत करतात, म्हणून बिंदू सरकले असं कोणी म्हणालं तर?"

"मग सगळ्या रेघांचे सरकतील. एकाच रेघेचा एकच तुकडा कशाला सरकेल?"

"नकाशा बदलायची किल्ली तुमच्याकडे असेलच."

"असणारच. म्हणजे चोर मी, नाही का?" तो खो खो हसला. "बाई, मी केलं असतं तर रेघेला हात कशाला लावला असता? आकडे बदलले असते आणि संगणकाकडून रेघ नव्यानं काढून घेतली असती. सगळे बिंदू निमूटपणे दोऱ्यावर बसले असते, आणि कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता."

उत्तर उद्धट होतं, पण पटणारं होतं. ज्याला आकड्यापर्यंत पोचता येतं तो रेघ खोडत बसत नाही.

"हातानं रेघ सुधारायची सोय कुणाकडे आहे?"

"वरच्या मजल्यावर. पाटी आणि लेखणी. पाटीवर रेघ ओढली की पडद्यावर उमटते. नकाशा बाहेर पाठवण्याआधी सुधारणा करायला दिलीय. मागाहून करायला मनाई आहे, पण पाटीला थोडंच कळतं कधी ते." त्यानं आवाज खाली आणला. "परवानगी दोघांनाच आहे. त्या दिवशी कामावर होत्या त्या अंदाजवाल्या बाई, आणि मोठे साहेब."

४

अंदाजवाल्या बाई धाकटीच्याच वयाच्या होत्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. चौकशीत सगळ्यात जास्त भीती कुणाला असेल तर यांना. अंदाज चुकला तो त्यांचा, आणि नकाशा बदलून फायदा झाला तोही त्यांचाच.

"नकाशावर आहे ते आहे," त्या म्हणाल्या. हे वाक्य पाठ केल्यासारखं वाटत होतं.

"त्या सकाळी तुम्ही लेखणी हातात घेतली होती?"

"नाही. वेळच नव्हता. जसा निघाला तसा पाठवला."

"मग वादळानंतर तो नकाशा उघडून पाहिलात?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "माझ्या घरी आजारी वडील आहेत," त्या म्हणाल्या. प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, आणि दोघींनाही ते कळत होतं.

धाकटीनं सूर बदलला. "हातानं रेघ काढतात कशी, मला दाखवाल? मी तर कधी पाहिलंच नाही."

बाईंना हायसं वाटलं. त्यांनी पाटीवर कोरा नकाशा घेतला आणि झपझप एक रेघ ओढली. छान, भरधाव रेघ. वाटेत दोन गावांची नावं आली, एका बेटाचं आलं, रेघ त्यांच्या डोक्यावरून बिनदिक्कत गेली.

"छान काढता. शिकलात कुठे?"

"इथेच, पाटीवर. मी आले तेव्हा कागदी नकाशे गेले होते. साहेब म्हणतात, माझ्या रेघेला वळण नाही."

पायऱ्या उतरताना धाकटी वैतागली होती. या बाई खोटं बोलत नव्हत्या, पण काहीतरी गिळून बसल्या होत्या. कोणासाठी?

५

मोठ्या साहेबांनी तिला चहा मागवला आणि अर्धा तास बोलले. माणूस मोठा होता, यात शंका नव्हती. अख्खं आयुष्य आभाळाकडे बघण्यात गेलेलं. मागच्या भिंतीवर काचेत एक जुना कागदी नकाशा होता. डोंगर, नद्या, गावं यांनी जमिनीची बाजू गच्च भरलेली, म्हणून किनाऱ्यावरच्या गावांची नावं समुद्रात तिरकी छापलेली.

"यावर आम्ही पेन्सिलीनं रेघा काढायचो," साहेब म्हणाले. "डोळे मिटूनही काढीन आजसुद्धा. तुमचा संगणक काढतो त्या काय रेघा! गावांच्या नावांवरून गाढवासारखा तुडवत जातो. आमच्या हातून तसं झालं तर बोटांवर पट्टी बसायची."

"लाल रेघेचा काही भाग हातानं काढलाय, साहेब."

साहेबांचा कप हलला नाही. "असेल. नकाशा पाठवण्याआधी सुधारणं हा आमचा हक्कच आहे. बाईंनी सकाळी सुधारली असेल, घाबरून विसरल्या असतील."

"किंवा तुम्ही?"

"मी गावातही नव्हतो." ते मायेनं हसले. "परिषदेत भाषण होतं माझं. वादळाची बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी परत आलो. सभागृहभर साक्षीदार आहेत, हवे तेवढे बोलवा. आणि मुली, एक सांगू? आभाळाचं गणित आयुष्य घालवल्यावर थोडं कळतं. भावाला सही करू दे."

"आभाळाचं मला काही कळत नाही," धाकटी उठत म्हणाली. "मी रेघेचं विचारायला आले होते."

बोलली खरी टेचात, पण घरी आली ती रिकाम्या हातानं. रेघ हातानं काढलीय हे सिद्ध झालं होतं. कधी काढली, कुणी काढली, हे नाही. पाठवण्याआधी काढली असली तर सगळं कायदेशीर होतं, आणि दादा होता तिथेच. सकाळी बैठक होती. टेबलावर वकिलांचा कागद आणि पेन आधीच येऊन पडलं होतं.

वहिनी कपड्यांच्या घड्या घेऊन मागून चालली होती. ती पडद्यापाशी थबकली.

"ही रेघ कुणाला वाट देतेय?"

"म्हणजे?"

"ही बघ ना. सरळ बंदराकडे निघालीय, आणि मध्येच अशी तिरकी बाजूला झाली. रस्त्यात कोणी झोपलं असलं की आपण वळसा घालून जातो तशी. पण इथे तर काही नाही. नुसतं पाणी."

धाकटीनं पाहिलं. खरंच होतं. नव्या नकाशावर बंदराचं नाव आत, जमिनीवर होतं. रेघेनं वळसा घातला होता तो रिकाम्या पाण्याला.

ती तशीच चपला अडकवून बंदरावर पळाली. प्रवाशांच्या जुन्या खोलीत, भिंतीवर, खिळ्यानं ठोकलेला, साहेबांच्या काचेतल्यासारखाच एक कागदी नकाशा तिच्या लहानपणापासून होता. तिनं फोटो काढला आणि तिथल्याच बाकावर बसून लाल रेघेचे बिंदू त्यावर बसवले.

मग दादाला फोन केला. "तो कागद फाडून टाक."

६

अध्यक्षबाईंनी जाळं, दोरा आणि भोक शांतपणे ऐकून घेतलं. तिजोरी साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला की हे बरोबर आहे, शंकेला जागा नाही.

"मान्य," मोठे साहेब उठून म्हणाले. "हातानं सुधारलीय. नकाशा पाठवण्याआधी सुधारायला परवानगी आहे. म्हणजे इशारा दिला गेला होता. विषय संपला."

"नकाशा पाठवण्याआधी," धाकटी म्हणाली. "ते शब्द लिहून घ्या, अध्यक्षबाई."

तिनं भिंतीवरच्या पडद्यावर लाल रेघेचा तुकडा मोठा केला. तिरका वळसा सगळ्यांना दिसला.

"ही रेघ इथे कशाला वळली? वाऱ्याला कारण नाही, नकाशावर काही नाही. आता हा जुना कागदी नकाशा खाली ठेवते."

पडद्यावर बंदराचं नाव उमटलं, समुद्रात, तिरकं. लाल रेघ त्याच्या पहिल्या अक्षरापाशी बाजूला झाली होती, नावाच्या कडेकडेनं गेली होती आणि शेवटचं अक्षर संपल्यावर पुन्हा वाटेला लागली होती. एका अक्षरालाही तिचा धक्का लागला नव्हता.

"ज्या हातानं ही काढली, त्याला ते नाव दिसत नव्हतं. नवीन पाटीवर ते तिथे नाहीच. पण हाताला पाठ होतं. अंदाजवाल्या बाई नावांवरून बेलाशक रेघ ओढतात, मी बघितलंय. त्यांनी हा कागद कधी वापरलेला नाही. ज्यांनी वापरलाय आणि ज्यांना पाटीची परवानगी आहे, असा माणूस एकच. ते डोळे मिटूनही काढू शकतात, असं त्यांनीच मला सांगितलं."

साहेब पडद्याकडे बघत होते, कोणी आपलीच सही आपल्यापुढे धरावी तसे.

"राहता राहिलं, कधी काढली ते," धाकटी म्हणाली. "त्या सकाळी साहेब गावात नव्हते. सभागृहभर साक्षीदार आहेत. मग हात त्यांचा असेल तर रेघ त्या सकाळची नाही. परत आल्यानंतरची आहे. लाँच बुडाल्यानंतरची."

अंदाजवाल्या बाई उभ्या राहिल्या. कोणी विचारलं नव्हतं. "परत आल्यावर त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "नंतर नकाशा उघडला तेव्हा मी ओळखलं. बोलले नाही. माझी चूक आहे."

"अंदाज चुकला होता," साहेब अखेर म्हणाले. आवाजात पश्चात्तापापेक्षा थकवा जास्त होता. "चुकतो कधीकधी. पण लोकांचा नकाशावरचा विश्वास उडाला, तर उद्या खरा इशाराही कोणी पाळणार नाही. आणखी माणसं मरतील. तो विश्वास टिकवायचा होता मला."

"टिकवायला माझा भाऊच सापडला?" धाकटी म्हणाली. "चुकलो म्हणाला असतात तर आम्ही रडलो असतो आणि उद्या पुन्हा तुमचाच नकाशा बघितला असता."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. दादावरचा ठपका काढला जाईल आणि साहेबांची वेगळी चौकशी होईल, असं त्यांनी सांगितलं. "एक राहिलं. हातानं काढलेला तुकडा काढून टाकला तर लाल रेघ मध्येच तुटते. खरी रेघ कुठून जात होती?"

"माहीत नाही. खरी टोकं दोन्ही बाजूंना खोल समुद्रात आहेत. आणि ती बंदरावर असतीच, तर कुणाला तिथे काढायची गरज पडली नसती."

"टोकं जोडून द्या ना. अहवालात अर्धवट नकाशा बरा दिसणार नाही."

"नाही देणार," धाकटी म्हणाली. "आकडे पुसले गेलेत. जे माहीत नाही तिथे मी रेघ ओढणार नाही. बरा दिसावा म्हणून एकदा भरलं गेलं, तेवढं पुरे झालं. तशीच तुटकी छापा."

अध्यक्षबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि 'तशीच' असं लिहून घेतलं.

लोक उठू लागले तेव्हा मागच्या रांगेतून शेजारच्या मावशी पुढे आल्या. वादळापासून त्यांनी दादाचं तोंड पाहिलं नव्हतं. आताही पाहिलं नाही. पडद्यावरच्या तुटक्या रेघेपाशी त्या उभ्या राहिल्या.

"कुठे होती रे?" त्यांनी विचारलं.

दादानं पुढे होऊन मोकळ्या जागेत, भर समुद्रात, बोट ठेवलं. "इथे, मावशी."

"तू एकट्यानंच पाहिलीस?"

धाकटीला पहिल्या दिवशीचं त्याचं उघडून मिटलेलं तोंड आठवलं.

"नाही," तो म्हणाला. "तो माझ्या आधी फळ्यापाशी गेला होता. त्यानंच मला हाक मारून दाखवली. म्हणाला, दादा, आज मोकळं आहे."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"गेलेल्या पोरावर ढकलतोय म्हणाले असते सगळे."

मावशींनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. मग वर हात करून त्याच्या बोटाशेजारी, त्याच मोकळ्या पाण्यात, आपलं बोट टेकवलं.

"बरोबर पाहिलं होतं माझ्या पोरानं," त्या म्हणाल्या, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा एकदा म्हणाल्या.